घडीच्या सायकलीचं मधलं लॉक

मित्रांनो, मानवजातीच्या इतिहासात खरे मोठे शोध दोनच लागले. पहिला चाकाचा. दुसरा, त्या चाकाची घडी घालून ते पलंगाखाली सरकवता येतं याचा. मी एक जुनी घडीची सायकल आहे, म्हणजे या दुसऱ्या शोधाची जिवंत प्रतिनिधी. हे निवेदन मी पलंगाखालून करत आहे. माझ्या एका अंगाला कांद्यांची टोपली आहे, दुसऱ्या अंगाला लाखोळीच्या डाळीचा डबा आहे आणि दोघांनाही इतिहासात रस नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. इतर सायकली अखंड जन्मतात. माझी दांडी मात्र मुद्दाम मधोमध कापली आणि तिथे बिजागरी बसवली, दाराला असते तशीच, पण चांगली जाडजूड. बिजागरीवर एक लॉक आणि लॉकवर एक छोटा खटका. लॉक नीट बसलं की खटका 'टक्' असा आवाज करतो. हा 'टक्' लक्षात ठेवा. माझ्या आयुष्यात जे काही बरंवाईट घडलं ते त्याच्याच पायी.

मला पहिल्यांदा विकत घेतलं माधवीने. ती पुण्यात नोकरी करते आणि अकराव्या मजल्यावर राहते. सायकलने ऑफिसला जायचं, परतल्यावर माझी घडी घालायची आणि लिफ्टमधून वर न्यायचं, असा तिचा बेत होता. बेत उत्तम होता. तो दोन-तीनदा पारही पडला. मग मी गॅलरीत टॉवेल वाळत घालायची सोय झाले. त्या कामात माझ्याविरुद्ध एकही तक्रार आली नाही.

माधवीचे वडील देवराव ऊर्जानगरच्या वीज केंद्रात कंट्रोल रूममध्ये होते. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हा त्यांनी शेजारीच दुर्गापूरला घर बांधलं. गच्चीवरून केंद्राच्या धुराच्या चिमण्या दिसल्या पाहिजेत, एवढी एकच अट होती. सकाळी उठून ते धूर बघतात आणि आज वीज बनवणारा कोणता संच चालू, कोणता बंद, हे पत्नीला, अंजनाबाईंना, सांगतात. अंजनाबाईंनी ते कधी विचारलेलं नाही. या वयात कोळशाच्या ट्रकांमधून स्कूटर नको म्हणून माधवीने त्यांना स्कूटर विकायला लावली आणि तिच्या बदल्यात मला ट्रॅव्हल्सच्या बसने पाठवून दिलं. सोबत एक हिरवं हेल्मेटही दिलं.

पहिल्याच दिवशी देवराव मला घेऊन केंद्राच्या कॉलनीच्या गेटजवळच्या सोमाजींच्या टपरीवर गेले. तिथे त्यांच्या जुन्या पाळीचे निवृत्त लोक रोज सकाळी बसतात आणि आता केंद्र कसं चालवलं पाहिजे ते ठरवतात. केंद्र त्यांचं ऐकत नाही.

सोमाजींनी मला खालून वर पाहिलं. त्याला फार वेळ लागला नाही.

"देवरावभाऊ, हे सायकल धुन्यात आटली का जी?"

"घडी होते हिची," देवराव म्हणाले.

"घडी होते? मंग इस्तरी बी करत असान!"

"आन् डोक्शावर हे टरबूज काऊन ठेवलं?" दुसऱ्याने विचारलं.

देवरावांनी माझी घडी करून दाखवली. टपरीवरचे चहा हातातच निवले. तो माझ्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा क्षण, आणि खोटं कशाला बोलू, तिथूनच माझं वाईट सुरू झालं.

कारण मित्रांनो, त्यानंतर मला चालताना पाहायला कोणीही आलं नाही. घडी पाहायला मात्र अर्धं दुर्गापूर आलं. घरी पाहुणा आला की आधी घडी, मग चहा. शेजारच्या इंदुताईंकडे मुलगी पाहायला मंडळी आली, ती आधी मला पाहून गेली. मुलगी नंतर पसंत पडली. मी लगेच पडले होते.

देवरावांनी मला सांभाळलं मात्र नीट. आमच्याकडे हवेत थोडी हवा असते, बाकी कोळसा आणि राख. ती चेनवर बसली की चेन करवतीसारखी आवाज करते. सुरुवातीला अंजनाबाईंनी मायेने खोबरेल तेल लावलं, तर राख आणि तेल मिळून चेनवर लाडू वळले गेले. तेव्हापासून जुन्या बनियनने चेन पुसायची, मशीनचं तेल थेंबथेंब सोडायचं आणि जास्तीचं पुन्हा पुसून काढायचं, असा रिवाज पडला. माझी चाकं लहान. मोठ्या सायकलीला जो खड्डा असतो तो मला विहीर असतो. म्हणून देवराव चाकांतली हवा अंगठ्याने दाबून बघतात, खड्ड्याला वळसा घालतात, हँडलला पिशवी अडकवत नाहीत. आणि ऊन चांगलं अंगावर आल्याशिवाय निघत नाहीत, कारण वन खात्याने पाटी लावली आहे की पहाटे आणि संध्याकाळी झुडपांच्या बाजूने एकट्याने फिरू नये. माझ्या घंटीला वाघ घाबरतो की नाही ते मला ठाऊक नाही. त्याने कळवलेलं नाही.

निघण्याआधी एक विधी असतो. कंट्रोल रूममध्ये एकाने विचारायचं, दुसऱ्याने तपासून मोठ्याने उत्तर द्यायचं, आणि मगच बटण दाबायचं, अशी देवरावांची सगळी नोकरी गेली. ती सवय ते क्वार्टरमध्ये ठेवून आले नाहीत. अंगणात माझ्यावर टांग टाकून ते स्वयंपाकघराकडे ओरडतात:

"मधलं लॉक?"

"बंद!" आतून अंजनाबाई.

"हँडल?"

"बंद!"

"सीट?"

"बंद!"

"ब्रेक?"

"लागते!"

ऐकायला फार छान वाटायचं. फक्त अंजनाबाई आत पोळ्या लाटत असायच्या आणि मी बाहेर अंगणात असायचे. आमच्यामध्ये एक भिंत, एक फ्रीज आणि इंदुताईंच्या घराचा काही भाग होता. एकदा तर बिरजू दूधवाला फाटकातून ओरडला, "बाई, दूध?" आणि आतून सवयीने उत्तर आलं, "बंद!" बिरजू निमूटपणे गेला. तेव्हापासून घरात पाकिटाचं दूध येतं. बिरजूने धंदा सोडला, असं दोघं समजून आहेत.

पावसाळा संपता संपता इंदुताईंचे व्याही आले. घडी झाली, वाहवा झाली. मग व्याही म्हणाले, "मले उलगडू द्या न भाऊ," आणि त्यांनी मला उलगडलं. दिसायला मी पूर्ण उघडले होते. पण 'टक्' झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवरावांनी विचारलं, "मधलं लॉक?" आतून आलं, "बंद!"

सोमाजींच्या टपरीच्या अलीकडे एक गतिरोधक आहे. त्यावर माझं पुढचं चाक चढलं आणि मी माझं काम केलं. माझी घडी झाली. देवराव त्या घडीत होते.

सोमाजी धावत आले. गुडघा सोलला होता, मनगट सुजलं होतं. हिरवं हेल्मेट मधोमध तडकलं होतं आणि डोकं शाबूत होतं. त्या दिवसापासून टपरीवर टरबूज हा शब्द कोणी काढत नाही.

बातमी पुण्याला इंदुताईंनी काळजीपोटी कळवली. देवराव घरी पोचण्याआधी माधवीचा फोन आला होता.

"आई, आता पुरे. तिकडच्या दीक्षाभूमीच्या कार्यक्रमाला येते, आणि जाताना दोघांना घेऊन जाते. कायमचं."

देवराव एकदा तिथे आठवडाभर राहून आले होते. अकराव्या मजल्यावरून चिमणी दिसत नव्हती. समोरच्या गॅलऱ्यांतले टॉवेल दिसत. टपरी नव्हती, भाडेकरूंना पार्किंगमध्ये बसू देत नसत. त्या आठवड्यात देवराव कोणाला काहीच सांगू शकले नाहीत, कारण तिथे काय चालू आणि काय बंद हे त्यांना कळेना. आता तिथेच कायमचं जायचं होतं. त्या रात्री ते नीट जेवले नाहीत.

लॉक कोणी तपासलं नव्हतं, याविषयी घरात एक शब्दही निघाला नाही. पण गुडघा बरा होऊन देवराव पुन्हा अंगणात आले आणि त्यांनी "मधलं लॉक?" विचारलं, तेव्हा आतून उत्तर आलं नाही. अंजनाबाई स्वतः आल्या. कणकेच्या हाताने त्यांनी लॉक दाबून पाहिलं, खटका ओढून पाहिला, आणि मग म्हणाल्या, "बंद हाये." माझ्या बिजागरीवर पांढरी बोटं उमटली. तेव्हापासून ती रोज उमटतात. निघताना बिजागरीवर कणीक दिसली नाही तर देवराव पायडल मारत नाहीत.

ऑक्टोबरात माधवी आली. मोठी रिकामी बॅग घेऊन आली. कार्यक्रम झाला, गर्दी ओसरली, आणि घरात बॅग उघडली गेली.

"एकदा गेटपर्यंत जाऊन येतो," देवराव म्हणाले. "धड आलो तं आमी इथीच राह्यतो. पडलो तं तू म्हणशीन तसं."

माधवीने बॅगेचं झाकण खाली केलं. "ठीक आहे. एकदाच."

सकाळी तिने मला पलंगाखालून ओढलं. "माझीच सायकल होती, मला माहीत आहे कशी उघडते," असं म्हणत तिने मला अंगणात नेऊन उलगडलं, हँडल उभं केलं, सीट वर ओढली. सफाईदारपणे. पुण्यात तिने तेवढं तरी शिकून घेतलं होतं.

पण 'टक्' झालं नाही.

मित्रांनो, सायकलीला आत्मवृत्त सांगता येतं, वेळेवर बोलता येत नाही. हा नियम मी केलेला नाही.

देवरावांनी नवीन हेल्मेटचा पट्टा बांधला आणि टांग टाकली. "मधलं लॉक?"

आत कुकरची शिट्टी झाली. उत्तर नाही.

"बाबा, बंद आहे. मीच लावलंय. निघा," माधवी म्हणाली.

"तुले नाई विचारलं." त्यांनी माझ्या बिजागरीकडे पाहिलं. कणीक नव्हती. "अंजना, मधलं लॉक?"

"बाबा, असंच करत बसणार का? म्हणूनच मी म्हणते..."

"आली जी, आली. गॅस बंद करून राह्यली होती." अंजनाबाई हात पुसत बाहेर आल्या, वाकल्या, त्यांनी लॉक दाबलं. मग सरळ उभ्या राहिल्या.

"उतरा."

"काऊन?"

"बंद नाई हे."

माधवी पुढे आली. तिने लॉकला बोट लावलं. ते सहज वर आलं. ती बोलली तेव्हा तिच्या तोंडून पुणं पार गेलं होतं.

"आई, मले वाटलं लागलं."

"मले बी रोज वाटे," अंजनाबाई म्हणाल्या. "वाटून नाई चालत न बाई. हात लावा लागते."

मग माधवीने स्वतः लॉक दाबलं. टक्. देवराव खाली उतरले, पुन्हा चढले आणि पहिल्यापासून सुरू झाले. या वेळी उत्तरं माधवीने दिली, आणि प्रत्येक उत्तराआधी तिने हात लावला.

आम्ही गेटपर्यंत गेलो आणि आलो. गतिरोधकावर देवराव उतरून चालले. टपरीवर सोमाजी ओरडले, "भाऊ, पुण्याले कधी निंगता?" देवराव म्हणाले, "आज सगळ्या चिमण्या चालू हायेत," आणि पुढे गेले.

बॅग परत गेली तेव्हा तिच्यात तांदूळ, लाखोळीची डाळ आणि मोहाचे लाडू होते. माधवी निघताना एवढंच म्हणाली, की तिच्या गॅलरीत टॉवेल वाळत घालायला आता काही नाही. आता रोज सकाळी पुण्याहून फोन येतो. देवराव तो स्पीकरवर ठेवून अंगणात उभे राहतात. "मधलं लॉक?" ते विचारतात. "बंद हाये!" अंजनाबाई म्हणतात. आणि फोनमधून येतं, "आई, हात लावला का?"

तर मित्रांनो, जग दोन प्रकारच्या लोकांत विभागलेलं आहे. बंद आहे असं म्हणणारे आणि हात लावून पाहणारे. सायकल असो, गॅस असो, शाळेच्या दप्तराची चेन असो, दुसऱ्या प्रकारचे व्हा. तुमच्या सायकलीला पुसा, तेल द्या, चाकात हवा ठेवा, डोक्यावर हेल्मेट ठेवा आणि पाहुण्यांनी तिला हात लावला असेल तर सगळं पुन्हा एकदा तपासा. यातच मानवजातीचं भलं आहे.

आणि तुमच्यापैकी कोणी दुर्गापूरकडे येणार असेल, तर बिरजूला तेवढं सांगा, दूध बंद नव्हतं.