तपासणीपुरता सायलेन्सर

मी सायलेन्सर बोलतोय. खरं म्हणजे बोलणं हा माझा धंदाच नव्हे. आयुष्यभर मी दुसऱ्याचा आवाज पोटात घातला, स्वतःचा कधी काढला नाही. आज काढतोय, कारण माझ्याच माणसाने केसाने माझा गळा कापलाय.

कारखान्यात मला घडवलं तेव्हा माझ्या पोटात तीन खण ठेवले होते. इंजिनातून धूर गर्जत यायचा, त्या खणांतून फिरून फिरून दमायचा आणि बाहेर पडताना नुसता पुटपुटायचा. इंजिनाच्या दुसऱ्या बाजूला एअर फिल्टरचा काळा डबा होता. तो श्वास आत घ्यायचा, मी बाहेर सोडायचो. सहा वर्षं आमची जोडी गुण्यागोविंदाने नांदली.

ही मोटरसायकल बाळ्याला त्याच्या आईने घेऊन दिली, जादा ड्यूट्या करून. ती नर्स, कायमची रात्रपाळी. सकाळी घरी यायची, चहा घ्यायची, पडदे ओढून झोपायची. बाळ्या मोबाइलच्या दुकानात कामाला. दुपारी जेवायला यायचा, तेव्हा गाडी तिच्या खिडकीखालीच उभी राहायची. तरी तिची झोप मोडत नसे.

"गुणाची आहे हो तुझी गाडी," ती म्हणायची. "आलास कधी, गेलास कधी, पत्ता लागत नाही."

कौतुक गाडीचं व्हायचं, काम माझं असायचं. माझी त्याला हरकत नव्हती.

मग एक दिवस दुकानातला मित्र बाळ्याला म्हणाला, "गाडी आहे की शिलाई मशीन?" झालं! सहा वर्षांची चाकरी एका वाक्यात पाण्यात गेली. त्याच आठवड्यात गॅरेजवाल्या काकांनी बारा नंबरच्या पान्याने माझे बोल्ट सोडवले. माझ्या जागी एक आखूड, चकचकीत नळकांडं आलं. त्याच्या पोटात खण नाहीत की काही नाही, आरपार मोकळं. डब्याच्या जागी उघडा, लाल फिल्टर बसला.

काका म्हणाले, "हवा वाढवलीस, आता पेट्रोल सोडणारा कार्बोरेटरचा जेटही मोठा टाक. पेट्रोल कमी पडलं की चढावर गाडी रडेल."

"ते नंतर बघू हो काका. आवाज तर ऐका!"

काकांनी ऐकला, कानात बोटं घालून. "आणि तुझी आई दिवसा झोपते ना रे?"

"होईल सवय तिला."

मला आणि डब्याला एका पोत्यात घालून त्याने माळ्यावर टाकलं. तिथून आम्ही सगळं ऐकत होतो. गल्लीच्या तोंडाशी गाडी आली की भांडी थरथरायची. चढावर मात्र ती खोकायची, फटाके फोडायची, पूर्वीपेक्षा हळू चढायची. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! डबा अंधारात खुदखुदायचा. मला हसू येत नसे, कारण खालून आईच्या कूस बदलण्याचा आवाज यायचा.

महिनाभराने ती त्याला म्हणाली, "बाळ्या, काल इंजेक्शन भरताना डोळा लागला रे माझा. वॉर्डातल्या दुसऱ्या सिस्टरने हात धरला म्हणून निभावलं. माझ्या हातून कुणाचं बरंवाईट झालं तर? तो जुना बसव ना परत."

"बसवतो गं. या रविवारी नक्की."

असे पाच रविवार गेले. आणि एका सकाळी माळ्याला शिडी लागली.

काय सांगू, माझ्या गंजलेल्या पत्र्यात जीव आला! बाळ्याने मला ओल्या फडक्याने पुसलं, गंजावर पॉलिश मारलं, डब्यातली धूळ झटकली. स्वतःच्या हाताने बोल्ट आवळले. मी डब्याला म्हटलं, "बघ, शेवटी पोरगं आईचंच आहे."

तो आम्हाला घेऊन एका मोठ्या आवारात गेला. तिथे गाड्यांची रांग होती. एका साहेबाने माझ्याजवळ आवाज मोजायचं यंत्र धरलं आणि तो खूश होऊन म्हणाला, "वा, गाडी छान ठेवली आहे तुम्ही." कागदावर शिक्का बसला. ही यंदापासून सुरू झालेली आवाजाची वार्षिक तपासणी होती, हे तेव्हा मला कळलं. तरी मनात पाल चुकचुकली नाही. विश्वास टाकला की असं होतं.

दुपारी आम्ही खिडकीखाली उभे राहिलो. आई बऱ्याच उशिराने उठली, बाहेर आली आणि माझ्याकडे पाहून तिचे डोळे भरले. "ऐकलंस हो माझं. किती दिवसांनी अशी झोप लागली." तिने बाळ्याच्या ताटात स्वतःच्या वाटणीचं वाढलं. तो खाली मान घालून जेवला.

तिला ड्यूटीवर सोडून बाळ्या परतला आणि पाना पुन्हा बाहेर आला. मी अजून गरम होतो, त्याच्या बोटाला चटका बसला. मुद्दाम नाही लावला, पण वाईटही वाटलं नाही. मी आणि डबा पुन्हा माळ्यावर गेलो, या वेळी पोत्याच्या भोकातून खालचं दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी नळकांडं गर्जलं तेव्हा आई उठून बसली. भांडली नाही. ड्यूटीच्या पिशवीतून तिने कापूस काढला, दोन बोळे कानात घातले, दाराला आतून कडी लावली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. त्या दिवसापासून तो तिचा नेमच झाला, आणि बाळ्या दुपारी दुकानातच जेवू लागला.

परवा बाळ्या भर दुपारी तापाने फणफणत घरी आला. त्याने बेल वाजवली, दार बडवलं, "आई, आई" म्हणून हाका मारल्या. शेवटी गाडी सुरू करून रेस दिली. गल्लीतली प्रत्येक खिडकी उघडली. लोक शिव्या घालून गेले. त्याच्या घराचं दार तेवढं उघडलं नाही. तो तासभर पायरीवर कुडकुडत बसला होता, आणि आत आई शांत झोपली होती. माझा सूड उगवला म्हणावं, तर तसंही वाटेना. मी जागेवर असतो, तर तिच्या कानात कापूस नसता आणि पहिल्या हाकेला ती धावत आली असती.

वर्ष सरेल, पुन्हा शिडी लागेल, पुन्हा ओलं फडकं फिरेल. तेव्हा बाळ्या, एवढं ऐक. बसवायचं असेल तर कायमचं बसव, नाहीतर भंगारवाल्याला दे. पण एका दिवसापुरतं मला खाली उतरवू नकोस. आई पुन्हा विश्वास ठेवेल रे.