सिद्धीनं मांडलेला देव

मी भांडखोर नाही, हे आधीच सांगते. गावात विचाराल तर उलटं ऐकाल, ते सोडा. पण पोरांच्या पायाखालची माती काढायला कुणी आलं, तर मी गप्प बसणारी बाई नव्हे. मग समोर सरपंच असू दे, नाहीतर सासरा. माझ्या नशिबानं दोघेही एकाच धोतरात उभे राहिले.

मी रेश्मा, सांगोला तालुक्यातल्या आमच्या गावची अंगणवाडी सेविका. सगळं सुरू झालं एका चित्रांच्या पुस्तकावरनं. सोलापूरच्या बैठकीत ते आम्हा सगळ्या जणींना मिळालं. चांगलं मोठं, पानोपानी चित्रं, मजकूर जेमतेम. गोष्ट एवढीच, की एक मोकळं मैदान आहे आणि थोडी पोरं आहेत. मैदान प्रत्येक पानावर तेच, पण पोरं कधी त्याचा समुद्र करतात, कधी जंगल, कधी रेल्वेचं ठेसन. खेळायला काठी, दोरी आणि फुटका टब, बस्स. बाकीच्या बायकांनी आपापलं पुस्तक साहेब आल्यावर दाखवायला म्हणून कपाटात घातलं. मी पोरांच्या मांडीवर दिलं. फाटलं तर फाटू दे, चिकटवू.

पोरांत एक सिद्धेश्वरी आहे, आमची सिद्धी. माझ्या मदतनीस गोजाबाईंची नात. तिचे आई-बाप दिवाळीनंतर मेंढरं घेऊन माळशिरसकडं उसाच्या पट्ट्यात जातात आणि पोरगी आजीपाशी राहते. पुस्तक येईपर्यंत ती दाराकडं तोंड करून नुसती बसायची. खिचडी समोर तशीच गार व्हायची. मला तिच्याकडं बघवत नव्हतं.

पुस्तक मिटलं तशी ती उठली आणि अंगणात गेली. समुद्र घेऊन तिला काय करायचंय? तिनं मेंढरं मांडली. पांढरे खडे म्हणजे मेंढरं, काळे म्हणजे शेरडं. पोरांतलाच मल्हार शेतकरी झाला. "माझ्या रानात बसवा की मेंढरं, खत पडंल," असं तो म्हणायचा आणि मोबदल्यात मूठभर माती धान्य म्हणून मोजून द्यायचा. दुसऱ्या दिवशी वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, उठायचा आणि थोडा पुढं जायचा. "बाई, आज आमी नातेपुत्याला पोचलो," सिद्धी मला सांगायची. मग खिचडी संपवायची, कारण पुढं चालायचं असतं. कळपाच्या पुढ्यात एक गोल दगड होता, त्याला गोजाबाईंच्या देव्हाऱ्यातला भंडारा फासलेला. तो त्यांचा बिरोबा, मेंढरं राखणारा देव.

अशात आबासाहेब आले. आबा म्हणजे माझे चुलत सासरे आणि गावचे सरपंच. माणूस वाईट नाही, पण एकदा डोक्यात घेतलं की घेतलं. आमच्या घराण्याला ती खोडच आहे, आणि सून होऊन मलाही लागली.

"सूनबाई, अंगणात ब्लॉक बसवतोय," ते म्हणाले. "सिमेंटचे, लाल-पिवळे. धूळ न्हाय, चिखल न्हाय."

मी पदर डोक्यावर घेतला आणि म्हटलं, "आबा, चिखल व्हायला आपल्यात पाणी कुटं आहे? टँकरची वाट बघतोय आपण."

"उचलली जीभ लावली टाळ्याला," आबा म्हणाले.

मी पुस्तक त्यांच्या हातात दिलं. म्हटलं, बघा, पोरांना मोकळी जागा कशाला लागते. त्यांनी चष्मा लावला आणि पानं मनापासून उलटली. माझ्या जिवात जीव आला. शेवटचं पान झाल्यावर म्हणाले, "लई झ्याक हाय की. समदा खेळ पुस्तकातच आलाय. मग पोरांनी मातीत कशाला जायचं? आत बसून बघतील." आता या माणसाला काय म्हणावं, तुम्हीच सांगा.

गावातल्या बायकाही माझ्या बाजूनं उभ्या राहिल्या नाहीत. कपडे कमी मळतील, म्हणाल्या. एकटी गोजाबाई काही बोलली नाही, पण सकाळी झाडू मारताना ती आता सिद्धीच्या खड्यांना वळसा घालून जायची.

ब्लॉकनं भरलेला ट्रॅक्टर आला त्या सकाळी मी फाटकात फतकल मारून बसले. पोरं माझ्या मागं. म्हटलं, अंगावरनं न्या. ट्रॅक्टरवरचा ज्ञानबा बिचारा गरीब स्वभावाचा. तो म्हणाला, "वैनी, मी हुकुमाचा ताबेदार," आणि फावडं घेऊन बाजूनं कुंपण ओलांडून आत गेला. माती सारखी करायला म्हणून खड्यांपाशी वाकला आणि तसाच मागं सरला. चपला काढल्या. हात जोडले.

"हितं देव हाय," तो म्हणाला. "मी फावडं लावायचा न्हाय."

बातमी गावभर गेली. कोण म्हणालं बिरोबा प्रकटला, कोण म्हणालं पाऊस का पडत न्हाय ते आता कळलं. लोक बाजूनं कुंपण ओलांडून आत आले आणि दुपारपर्यंत त्या दगडापुढं नारळ फुटला, उदबत्ती लागली. सिद्धीची मेंढरं लोकांच्या पायांखाली गेली. मी काय केलं? गप्प बसले. मनात म्हटलं, आपली माणसं ऐकत नव्हती, देवानं ऐकलं. ब्लॉक तर टळले.

मग आबा आले. दगडापुढं लोटांगण घातलं, उठले आणि गावाला सांगितलं, "हितं ओटा बांधायचा. वर पत्रा, भवतीनं ब्लॉक. अंगणवाडी समाजमंदिराच्या खोलीत हलवू."

आगीतून उठले ते फुफाट्यात पडले. समाजमंदिराची ती खोली मी बघितलेली होती. दार उघडलं की रस्ता. सिद्धी लोकांच्या पायांतून आपले खडे शोधत होती. ते बघून माझ्या मस्तकात तिडीक गेली.

"आबा, हा देव पोरांनी मांडलाय," मी म्हटलं. सासऱ्यापुढं चारचौघांत आवाज चढवायची आमच्यात रीत नाही. मी चढवला. "हा खेळ आहे. भंडारा गोजाबाईंच्या देव्हाऱ्यातला. ओटा बांधायचा तर बांधा, पण खोट्यावर बांधू नका. आणि ही जागा मी सोडणार नाही. मला कामावरनं काढलं तरी मी हितं येऊन बसेन."

ज्ञानबा चपला हातात घेऊन उभा होता. आबांचा चेहरा लाल झाला.

"देवाचा खेळ मांडला व्हय गं?" त्यांनी सिद्धीला दरडावलं.

मला वाटलं, पोर रडणार. ती आबांकडं बघून म्हणाली, "खेळ न्हाय. आमी मेंढरं घिऊन चाललोय. आयकडं." आणि पुन्हा खडे गोळा करायला लागली.

गोजाबाई पुढं आली. ही बाई वर्षभरात माझ्याशीसुद्धा मोजकं बोलते. "आबा, आमी मेंढरामागं असताना असंच करायचो," ती म्हणाली. "मुक्काम पडंल तितला दगड घ्यायचा, भंडारा लावायचा, तो देव. वाडा उठला की देव बी उठतो. त्याला ओटा घालून बसवलं, तर मेंढरामागं कोण जाईल?"

"मग हितनं उठवू देव," आबा म्हणाले. आणि तो उचलायला स्वतःच पुढं निघाले.

"थांबा, आबा," सिद्धी म्हणाली. तिनं काठी घेतली आणि आबांच्या आणि फाटकाच्या मधे, या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत, धुळीत दोन वाकड्या रेघा ओढल्या. "नदी लागली. देवाला पल्याड न्यायचाय. तुमी उंच हायसा, तुमी धरा. माज्या हातात भिजंल."

गर्दीत कुणीतरी हसलं. आबा हसले नाहीत. त्यांनी वाकून दगड उचलला आणि छातीशी धरला. रेघेपाशी आल्यावर थांबले.

"पाणी किती हाय?" त्यांनी विचारलं.

"गुडघ्याएवढं."

आबांनी चपला काढल्या, एका हातानं धोतर गुडघ्यावर धरलं आणि पाय चाचपत, सावकाश, आमच्या त्या कोरड्या अंगणात उतरले. मागनं सिद्धी ओच्यात मेंढरं घेऊन, तिच्यामागं मल्हार, मग सगळी पोरं. माझ्या डोळ्यांना धार लागली आणि मी ती पुसली नाही. फाटकातनं मात्र हलले नाही, कारण ट्रॅक्टर अजून तिथंच होता.

पलीकडं जाऊन आबांनी देव सिद्धीच्या हातात दिला. धोतर तसंच वर धरलेलं. ज्ञानबाकडं वळून ते म्हणाले, "ट्रॅक्टर फिरव. हितं पाणी हाय."