पडवीतलं मशीन

माणूस ज्या दिवशी स्वतःचे कपडे स्वतः धुवायला लागतो, त्या दिवशी तो खऱ्या अर्थाने स्वतंत्र होतो, असं अभयने रिहे गावातल्या घराच्या पडवीत उभं राहून जाहीर केलं. वाक्य मोठं होतं. ऐकायला त्याची बायको जुईली होती, वडील साहेबराव होते आणि दावणीचा एक बैल होता. अभयचे स्वतःचे कपडे पुण्याजवळ सूसच्या फ्लॅटवर कामाला येणाऱ्या उषाबाई मशीनला लावायच्या, वाळत त्याच घालायच्या आणि घड्या करून कपाटातही त्याच ठेवायच्या. पण स्वतंत्र व्हायची पाळी त्याची नव्हती, वडिलांची होती.

साहेबराव म्हणाले, "बरं."

शिमगा झाला आणि त्यांची बायको, चांगुणाबाई, गेल्या. तेव्हापासून साहेबरावांकडे हा एकच शब्द उरला होता. जेवायला वाढू का? बरं. नंतर जेवता का? बरं. बाराव्याला आलेले लोक जाताना म्हणाले, माणूस खंबीर आहे. साहेबरावांना आपण खंबीर असल्याचं काही जाणवत नव्हतं. दाढ काढायच्या आधी डॉक्टर सुई देतात आणि मग गाल दुसऱ्याचाच असल्यासारखा वाटतो, तसं त्यांचं सगळीकडे झालं होतं. दाढ निघून आठ महिने झाले, सुई काही उतरत नव्हती.

बाकी त्यांचं फारसं अडत नव्हतं. भात त्यांना शिजवता यायचा. भाकरी-कालवण शेजारच्या घरातून थोरल्या भावजय तुळजाबाई पाठवायच्या. अडलं ते कपड्यांपाशी. चांगुणाबाई होत्या तोवर मळका सदरा खुंटीला लावला की दोन दिवसांनी तो धुतलेला, त्याच खुंटीवर सापडायचा. मधल्या काळात त्याचं काय होतं, याची चौकशी साहेबरावांनी उभ्या आयुष्यात केली नव्हती. आता सदरा खुंटीला लावला की दोन दिवसांनी तोच सदरा तसाच सापडायचा. मग ते तो घालायचे. तुळजाबाईंनी दोनदा मागितले कपडे. पण चूल वेगळी झाल्यावर थोरल्या वहिनीला आपलं धोतर धुवायला द्यायचं, हे त्यांना जमेना.

तुळशीचं लग्न झालं, माणसांची लग्नं सुरू झाली. घोटवड्याच्या एका लग्नात पंगतीला त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या शेवटपर्यंत रिकाम्या राहिल्या. त्यांना वाटलं, माणसं कमी आली. ही बातमी अभयला हिंजवडीच्या ऑफिसात संध्याकाळच्या आत पोचली.

म्हणून आज ही सभा होती. जुईलीने सरळ सांगितलं, "अण्णा, मशीन घेऊ. तुमचं तुम्हाला जमलं तर इथं राहा, आम्ही काही म्हणणार नाही. नाही जमलं तर मात्र सूसला यायचं. खोली तयार आहे. बाल्कनीतून डोंगर दिसतो."

"बरं."

"कशाला बरं? राहायला की यायला?"

साहेबरावांनी विचार केला. आपल्याला रिह्यात राहायचं असणार, असं त्यांना वाटलं, कारण पूर्वी तरी होतं. आता आत चाचपलं तर हाताला काही लागेना.

"दोन्हीला," ते म्हणाले.

पिरंगुटला वाल्मीकचं दुकान होतं. वाल्मीक मूळचा भाताच्या गिरणीवरचा, आता टीव्ही, फ्रिज, मशिनी विकायचा. अभयने चार रात्री फोनवर लोकांची मतं वाचून काढली होती. एका माणसाने एका मशीनला पाच तारे देऊन खाली लिहिलं होतं की अजून खोका उघडलेला नाही. तरी अभयने ते मत धरलं होतं.

"आमच्याकडं व्होल्टेज वर-खाली होतं," अभय म्हणाला. "पाणी टाकीचं, प्रेशर कमी. आणि वापरणारा माणूस एकटा. मशीन भरवशाचं पाहिजे."

"हे बघा," वाल्मीकने एका पांढऱ्या मशीनवर थाप मारली. "काका, हे मशीन विचार करतं."

"कशाचा?" साहेबरावांनी विचारलं.

"कपडे किती, पाणी किती, मळ किती. सगळ्याचा."

साहेबरावांनी मशीनकडे पाहिलं. त्यांनी स्वतः बऱ्याच दिवसांत विचार केला नव्हता. घरात कुणीतरी करत असलेलं बरं, असं त्यांना वाटून गेलं.

"लाइट गेली तर?" जुईलीने विचारलं.

"जिथं थांबलं तिथनं पुढं सुरू. विसरत न्हाई. मोटरला धा वर्षं गॅरंटी."

"मला येवढी नको," साहेबराव म्हणाले.

"ती मशीनची हाय काका, तुमची न्हाई."

मग वाल्मीकने चालू मशीनच्या झाकणावर पाण्याने भरलेला ग्लास ठेवला. आत ड्रम गरागरा फिरत होता आणि वर ग्लासातलं पाणी देवघरातल्या तांब्यासारखं गप्प होतं. अभयने त्याचा व्हिडिओ काढला. साहेबराव तोवर दुकानाच्या कडेला एका वेगळ्याच मशीनपुढे उभे होते. त्याला समोर गोल काच होती. आत कपडे वर जायचे, पडायचे, परत वर जायचे.

"अण्णा, ते नको," जुईली म्हणाली. "त्याला वाकावं लागतं. तुमचे गुडघे."

"आतलं दिसतंय यात."

"आत बघायचंय काय?"

"बरं," साहेबराव म्हणाले आणि काचेपासून बाजूला झाले.

पांढरं मशीन ठरलं. शिवाय पावसाळ्यात कपडे जवळजवळ कोरडेच बाहेर येतील, असं वाल्मीकने सांगितलं. मुळशीच्या पावसात कपडे वाळणं म्हणजे काय, हे साहेबराव जाणून होते. शेगडीवर टोपली पालथी घालायची, टोपलीवर सदरा पसरायचा. आषाढ-श्रावणात त्यांचे सगळे सदरे धुराच्या वासाचे असायचे आणि पौडच्या बाजारात माणसं वासावरून ओळखायची की हा खोऱ्यातला गडी. टोपली अजून माळ्यावर होती. वाल्मीकला हे सांगावं असं त्यांच्या मनात आलं, पण तोवर अभयने पावती घेतली होती.

रविवारी मशीन आलं. कंपनीचा माणूस आला. पडवीतली शहाबादी फरशी एका अंगाला उतरती होती. त्याने मशीनला चाकांचं स्टँड लावलं, नळीत बुडबुडा असलेली पट्टी वर ठेवली आणि बुडबुडा मधोमध येईपर्यंत स्टँड खालीवर केलं. मग चारही चाकांचे खटके अंगठ्याने दाबून ब्रेक लावले आणि साहेबरावांनाही दाबून दाखवले.

"काका, एकच सांगतो. आता याला हलवायचं नाही."

"बरं."

तो गेटबाहेर पडला आणि तुळजाबाई ताट घेऊन आत आल्या. ताटात हळदकुंकू, नारळ, झेंडूचा हार आणि चार लिंबं होती.

"पूजा केल्याबगार चालू करायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "भावजी, तुमी व्हा पुढं. हार घाला."

साहेबरावांनी हार घातला. मशीन नवरदेवासारखं दिसू लागलं. नारळ पायरीवर फुटला. मग तुळजाबाईंनी लिंबं पुढे केली.

"काकू, लिंबं कशाला?" अभयने विचारलं.

"चाकाखाली."

"ती गाड्यांना असतात."

"मग ह्याला काय हाय? चाकंच हायेत न्हवं? चाक हाय म्हंजी गाडी. तुज्या ट्रॅक्टरला ठेवली, तुज्या कारला ठेवली, त्या कैलासच्या जेसीबीला ठेवली. ह्यानं काय पाप केलंय?"

अभय हिंजवडीत मोठमोठ्या साहेबांना पटवतो. तुळजाबाईंपुढे मात्र तो लिंबांना वाट करून बाजूला झाला. साहेबरावांनी खाली बसून चार चाकांपुढे चार लिंबं ठेवली.

"आता हाणा पुढं," तुळजाबाई म्हणाल्या.

"ब्रेक लावलेत, काकू."

"मग काढ की. ब्रेक लावून कुणी पूजा करतं व्हय?"

अभयने खटके वर केले आणि मशीनला मागून रेटा दिला. फट, फट, फट, तीन लिंबं फुटली. रस फरशीवर आला. सगळ्यांचं समाधान झालं. चौथ्याचा हिशेब कुणी ठेवला नाही, कारण तोवर चहा आला होता.

साहेबरावांचे साठलेले सगळे कपडे मशीनमध्ये गेले. सगळे ओळीने पडवीत बसले. साहेबराव मधे. मशीनने पाणी घेतलं, थांबलं, कपडे हलवून पाहिले, पुन्हा थांबलं.

"विचार करतंय," साहेबराव म्हणाले.

धुणं झालं. खळबळणं झालं. पाणी गटाराला गेलं. अभयने वाल्मीकसारखाच पाण्याचा ग्लास भरून झाकणावर ठेवला आणि फोन काढून उभा राहिला. मग मशीन कपडे पिळायला लागलं.

पहिल्यांदा ग्लास पडला. मग मशीनने उजवा खांदा उडवला. मग डावा. आणि मग ते गळ्यातल्या हारासकट निघालं. थरथरत, अंग हलवत, सगळ्यांच्या समोरून, उतरत्या फरशीने ते पडवीच्या दाराकडे चाललं. मागे पाण्याची नळी ताणली. दावणीचा बैल उठून उभा राहिला. उंबऱ्यापाशी वायर संपली, प्लग भिंतीतून सुटला आणि मशीन अंगणाकडे तोंड करून गप्प झालं.

"अंगात आलं जणू," तुळजाबाई म्हणाल्या.

"डिफेक्टिव्ह पीस आहे," अभय म्हणाला आणि त्याने वाल्मीकला फोन लावला. वाल्मीक फोनवर म्हणाला, "साहेब, इतकी वर्षं विकतोय, आपलं एक मशीन कधी घराबाहेर गेलं न्हाई." अभय म्हणाला, आमचंही गेलं नाही, उंबऱ्यात आहे. दोघं बराच वेळ यावर बोलत अंगणात गेले, म्हणजे अभय गेला आणि वाल्मीक त्याच्या हातात होता.

जुईली साहेबरावांच्या शेजारी येऊन बसली. ती मुलगी वाईट नव्हती. "अण्णा, मी वाद नाही घालत. पण हे असं तुम्ही एकटे असताना झालं तर? त्यापेक्षा आजच चला. ठरलं होतं ना आपलं?"

"बरं," साहेबराव म्हणाले.

तुळजाबाई पदर सावरत उठल्या आणि ताट घेऊन घरी गेल्या. जुईली आत सामान भरायला गेली.

पडवीत साहेबराव आणि मशीन उरले. त्यांनी झाकण उघडलं. सदरे, धोतरं, बनियन, सगळे ड्रमच्या कडेला चिकटून गोल बसले होते, मधे खळगा. एक सदरा ओढून त्यांनी नाकाला लावला. कशाचाच वास नव्हता. त्यांनी तो परत ठेवला.

मग खाली लक्ष गेलं. मागच्या डाव्या चाकाच्या आणि स्टँडच्या पट्टीच्या मधे एक लहानसं, दगडासारखं कडक लिंबू अडकून बसलं होतं. न फुटता. तेवढ्यामुळे तो कोपरा वर उचलला गेला होता. आणि चारही खटके वरच होते. साहेबरावांनी जन्मभर बैलगाडी आणि नंतर ट्रॅक्टर हाकलेला. एका चाकाखाली धोंडा आला की गाडी कशी नाचते, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

म्हणजे मशीनमध्ये दोष नव्हता. हे अभयला सांगितलं तर ते रिह्यात राहणार. नाही सांगितलं तर सूसला जाणार, बाल्कनीतून डोंगर बघणार. लिंबू काही बोलणार नव्हतं. साहेबरावांनी दोन्ही गोष्टी मनात शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. दोन्ही सारख्याच दिसल्या. ते नुसते उभे राहिले.

"अण्णा, तुमचे गरम कपडे हिच्यातच घालते," म्हणत जुईली बाहेर आली. हातात निळी बॅग होती. चांगुणाबाईंना पुण्याला दवाखान्यात नेताना भरली होती ती. परत आली तेव्हा कुणी उघडली नव्हती, कोनाड्यात ठेवून दिली होती. बंदाला दवाखान्याची चिठ्ठी अजून बांधलेली होती, त्यावर खोलीचा नंबर. जुईलीला ते माहीत नव्हतं. तिला ती फक्त एक बऱ्यापैकी बॅग दिसली होती.

साहेबरावांनी बॅगेकडे पाहिलं. इतकं पाहिलं की जुईलीनेही पाहिलं. तिला चिठ्ठी दिसली आणि ती जागच्या जागी थांबली.

"ठेवून दे ती," साहेबराव म्हणाले.

मग ते वाकले. गुडघे वाजले. एका हाताने स्टँड उचलून त्यांनी दुसऱ्या हाताने लिंबू उपसून काढलं. मशीन स्वतःच रेटत मूळ जागी नेलं आणि खाली बसून चारही खटके अंगठ्याने दाबले. एक, मग दुसरा, मग उरलेले. जुईली बॅग छातीशी धरून बघत होती. प्लग तिनेच लावला.

मशीन जिथं थांबलं होतं तिथून पुढे सुरू झालं. विसरलं नव्हतं.

साहेबरावांनी नवा ग्लास भरून झाकणावर ठेवला. आवाज ऐकून अभय अंगणातून धावत आला, मागोमाग घरातून तुळजाबाई आल्या. ड्रम गरागरा फिरत होता. ग्लासातलं पाणी जागचं हललं नाही. शेवटी मशीनने एक बारीकशी धून वाजवली आणि ते थांबलं.

"काय केलंत?" अभयने विचारलं.

साहेबरावांनी मूठ उघडून लिंबू दाखवलं.

"बघा, मी म्हनलं व्हतं, लिंबाबगार न्हाई व्हायचं," तुळजाबाई म्हणाल्या.

अभयला भरून आलं. त्याने वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सभेच्या दिवशीचंच वाक्य, स्वातंत्र्याचं, जरा वाढवून पुन्हा म्हटलं. या वेळी त्यात आईचंही नाव आलं. मग तो म्हणाला, "अण्णा, खरं सांगा आता. नुसतं बरं म्हणू नका. तुम्हाला काय पाहिजे?"

सगळे साहेबरावांकडे बघत होते. जुईली बॅग घेऊन, तुळजाबाई हात जोडून, दावणीचा बैल उभ्या उभ्या. साहेबरावांनी हातातल्या लिंबाकडे पाहिलं, मग आत चाचपून पाहिलं. या खेपेला हाताला काहीतरी लागलं. फार मोठं नव्हतं.

"घरात दुसरं लिंबू आसंल," ते म्हणाले, "तर वाईच सरबत कर, पोरी. साखर कमी घाल."