दुपारपर्यंत उतरायचं नाही

"कोट आत्ता घालू नकोस, पाठीला बांध," आर्विड म्हणाला. "चालताना घाम आला की वर बसल्यावर तोच गोठतो."

"लहानपणी तुझं नाक मी पुसायचो," आयनो म्हणाला. "आता तू मला कपडे घालायला शिकव." तरी त्याने कोट काढून पाठीला बांधला.

हे दोघे निएमी बंधू, साठी ओलांडलेले. पंधरा नोव्हेंबर, हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. त्या दिवशी आमच्याकडे शाळासुद्धा बंद असतात. अजून उजाडायचं होतं आणि सुपिरिअर सरोवरावरून येणारा वारा कानांना झोंबत होता. धाकटा आर्विड जन्मभर रस्त्यावरचा बर्फ ढकलणारा ट्रक चालवत आला. त्याच्या नावावर दुसरं काही नाही, पण मचाणावर त्याच्याइतका स्थिर बसणारा माणूस पंचक्रोशीत शोधून सापडायचा नाही. आयनो अगदी उलट. बडबड्या, पायाला भिंगरी लागलेला. गेल्या वर्षी त्याने मचाणावरून टोपी हलवून भावाला खुणेने विचारलं होतं, कॉफी उरली आहे का? आर्विडच्या नेमात आलेला मोठा शिंगाळा, पुरता वाढलेला नर, तेवढ्याने बिथरला आणि एका उडीत दिसेनासा झाला. मग काय, चर्चच्या पायऱ्यांपासून बारपर्यंत, हिवाळाभर आयनो दिसला की लोक टोप्या हलवायचे. तो हसण्यावारी न्यायचा, पण ते त्याच्या मनाला लागलं होतं. या वर्षी त्याने आपण होऊन धाकट्याकडे शिकवणी धरली.

आर्विडने अगदी जीव लावून शिकवलं. खोकल्याच्या गोळ्यांचे कागद घरीच काढायचे, वर चुरचुर नको. पायांखाली जुन्या गालिच्याचा तुकडा. बुटांच्या नाड्या सैल, म्हणजे बोटांत रक्त खेळतं. कमरेमागे उशी, पाठ झाडाला टेकलेली. बघायचं ते डोळ्यांनी. मान वळवायचीच झाली तर इतकी हळू की आपली आपल्याला कळू नये. मांस-बटाट्याची गरम पेस्टी सदऱ्याच्या आत, छातीशी. शरीराला सुखात ठेवलं की ते हलायला मागत नाही, असं त्याचं म्हणणं.

मचाणाच्या झाडाशी पोचल्यावर आयनोने डावा खांदा चोळला. "काल लाकडं फोडली ना, भरून आलाय. हातही जड वाटतोय. लेम्पी मागे लागलीय, डॉक्टरला दाखव म्हणून."

"मग दाखव की. बायकोचं कधीतरी ऐकावं."

"म्हटलं, आधी मोसम संपू दे."

"वर जाऊन गप्प बस, सुटेल."

"आणि नाही सुटला तर?"

"आत्तापासून कारणं सांगू नकोस. दुपारपर्यंत उतरायचं नाही, हलायचं नाही. आणि टोपीला तर हातच लावायचा नाही."

"बरं, मास्तर," म्हणत आयनो शिडी चढला. अर्ध्यावर थांबून त्याने दम खाल्ला. वर बसून त्याने कमरेचा पट्टा झाडाला बांधल्याचं सांगितलं, तेव्हा आर्विड आपल्या मचाणाकडे गेला.

दोन मचाणांच्या मध्ये दलदलीतली मोकळी जागा होती. झाडांची पानं कधीच गळून गेलेली, त्यामुळे उजाडल्याबरोबर आर्विडला भावाचं नारिंगी जाकीट दिसू लागलं. लांबवर कुणाच्या तरी बंदुकीचा बार झाला. मग पुन्हा सगळं सामसूम.

थोड्या वेळाने आयनोचा हात वर गेला. त्याने टोपी काढली आणि हलवली. गेल्या वर्षीसारखी नाही. हळू, जड हाताने.

आर्विडच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढं शिकवलं ते सगळं पालथ्या घड्यावर पाणी. हलायचं नाही हे विसरून त्याने भावाला मूठ दाखवली. आयनोचा हात क्षणभर तसाच वर राहिला. मग त्याने टोपी डोक्यावर ठेवली, हात मांडीवर घेतला आणि मान झाडाला टेकली.

त्यानंतर तो हलला नाही.

बर्फ भुरभुरायला लागला. आयनोच्या खांद्यांवर साचला, त्याने झटकला नाही. एक चिमुकला पक्षी त्याच्या बंदुकीच्या नळीवर येऊन बसला, तिथून उडून त्याच्या गुडघ्यावर बसला. आर्विडला हसू आलं. अखेर शहाणा झाला म्हणायचा. संध्याकाळी बारमध्ये सगळ्यांसमोर हे सांगायचं, त्याने ठरवून टाकलं. थोरल्या भावाचा त्याला एवढा अभिमान कधी वाटला नव्हता.

मग शिंगाळा आला. मोठा, मानेने जाड. झाडीतून निघून तो सरळ आयनोच्या मचाणाखाली आला आणि खुराने बर्फ उकरू लागला. आर्विड श्वास रोखून भावाच्या बंदुकीचा बार होण्याची वाट बघत राहिला. मार की. मार आता. शिंगाळ्याने निवांत उकरलं, मान वर केली आणि तो चालत चालत आर्विडच्या पुढ्यात आला. असा नेम जन्मात एकदा मिळतो. पण आर्विडचं लक्ष त्याच्याकडे नव्हतंच. त्याची नजर आयनोच्या न उचललेल्या बंदुकीवर होती.

तरीही तो उतरला नाही. जोवर तो आपल्या जागी बसून होता, तोवर आयनोही नुसता बसूनच होता. जमिनीला पाय लागले, की जे असेल ते खरं होणार होतं. नारिंगी रंगावर नजर लावून तो तसाच बसला. भीतीने त्याला घाम फुटला.

आणि दुपार व्हायच्या आधी, आयुष्यात पहिल्यांदा, आर्विड मचाणावरून उतरला.

"आयनो," त्याने दलदलीतूनच हाक मारली. "अरे, हल की. टोपी हलव. मी काही म्हणत नाही."

तो शिडी चढून वर गेला. आयनो सांगितलं होतं तसाच बसलेला होता, कमरेमागे उशी घेऊन. डोळे अर्धवट उघडे. आर्विडने हातमोजा काढून त्याच्या गालाला हात लावला आणि लगेच मागे घेतला.

त्याने हवेत लागोपाठ तीन बार काढले. आमच्याकडे मदतीची खूण तीच. पण पहिल्या दिवशी सगळं रान बार काढत असतं. दोन टेकड्यांपलीकडून कुणीतरी असेच तीन काढले आणि ते विरून गेले. कुणी येणार नव्हतं. रस्त्यापर्यंत त्यालाच जावं लागणार होतं, मग लेम्पीच्या दारात उभं राहावं लागणार होतं. जायचं म्हणून तो शिडीकडे वळला आणि मग आयनोशेजारीच बसला. फळी एका माणसापुरतीच होती. आयनोच्या पाठीमागून हात घालून त्याने त्याला आपल्याकडे ओढून धरलं.

काही वेळाने एक हरिणी पिल्लाला घेऊन मोकळ्यावर आली. तिने मान उंचावून मचाणाकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. वर दोघे होते. दोघांपैकी कुणीच हललं नाही. तिने मान खाली घातली आणि ती बर्फाखालचं गवत खाऊ लागली.