त्र्याण्णव सालचा मांसाचा तुकडा

कामाहुआनी गावात रेशनच्या वहीवर कसाई ठरवून दिलेला असतो. नवरा बदलता येतो, बायको बदलता येते, कसाई बदलता येत नाही. म्हणून एवेलिओला एकतीस वर्षं क्लोदोमिरोच्याच दुकानात जावं लागलं, आणि या एकतीस वर्षांत तो त्याच्याशी एक अक्षर बोलला नाही. तो वजनकाट्याशी बोलायचा.

"काट्या, कोंबडी आली का रे?"

"नाही आली म्हणावं," क्लोदोमिरो काट्यामागून सांगायचा. "पुढच्या महिन्यात विचार म्हणावं."

कारण असं, की त्र्याण्णव साली, देशात अन्नाचा दुष्काळ पडून गावातली मांजरंसुद्धा दिसेनाशी झाली होती तेव्हा, एवेलिओच्या बायकोनं, नेरेइदानं, दर रविवारी त्याच्या ताटात लसूण लावून तळलेला मांसाचा जाड तुकडा वाढला होता. कुठून आणलास विचारलं की म्हणायची, "गप खा." आता अख्ख्या गावात मांसाला हात लागायचा तो एकट्या क्लोदोमिरोचा, आणि त्या काळी तो देखणाही होता, निदान मिशी तरी होती. एवेलिओनं काय ओळखायचं ते ओळखलं, दातओठ खाल्ले, आणि तुकडाही खाल्ला.

यंदा दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याचं रक्त तपासलं.

"आजोबा, मांस बंद."

"बाई, मांसानंच आमच्याकडे येणं बंद केलंय."

"मग फळं खा, तीही सालीसकट. सगळा कस सालीत असतो. आंब्याची साल, केळ्याची साल, पपनसाची पांढरी साल, काही टाकू नका." बाईंनी हे सगळं कागदावर लिहिलं आणि वर शिक्काही मारला, म्हणजे साल हे आता औषध झालं.

नेरेइदानं तो कागद दोनदा वाचला. मग दोन पपनसं सोलली, जाड पांढरी साल तीन पाण्यांत उकळून पिळली, लसूण-लिंबात मुरवली आणि पावाच्या चुऱ्यात घोळवून तळली.

पहिल्याच घासाला एवेलिओचे डोळे भरून आले. दुसऱ्या घासाला त्याचे कान लाल झाले.

"पुन्हा त्याच्याकडे गेलीस? या वयात?"

"म्हाताऱ्या, ही साल आहे."

"मला शिकवू नकोस. ही चव मी ओळखतो."

"ओळखणारच. तेव्हाही सालच होती."

एवेलिओनं केराची बादली उपडी केली. पपनसाची पिवळी टरफलं जमिनीवर पसरली, हाड एकही निघालं नाही. एवढा जपलेला राग असा फुकट गेला. तो काठी घेऊन तडक दुकानात गेला.

"क्लोदोमिरो," तो म्हणाला.

क्लोदोमिरो दचकून काट्याकडेच बघायला लागला. हकिगत ऐकल्यावर त्यानं टोपी काढून फळीवर ठेवली.

"हे आणखी कुणाला सांगितलंस?"

"अजून नाही."

"सांगू नकोस, भावा. तुझ्या रागावर मी या गावात मान मिळवलाय. त्र्याण्णव साली मांसही होतं आणि वर बाईही, असा अख्ख्या प्रांतात मी एकटा. खरं सांगू? त्या वर्षी मी गवताचा काढा पीत होतो. उद्यापासून काट्याशीच बोल."

"बोलेन," एवेलिओ म्हणाला. त्याला त्या माणसाची दयाच आली.

तो घरी आला तेव्हा नेरेइदा जमीन पुसत होती. ताटात एक तुकडा उरला होता.

"मी तुला इतकी वर्षं काय काय बोललो. तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर अर्धा मला दिला असतास. रागावलास म्हणून एकट्यानं खाल्लास. साखर कारखान्यात पोती कोण उचलत होतं? आणि इतका वाळला होतास की चड्डी सुतळीनं बांधत होतास."

"मग तू काय खात होतीस?"

"साखरपाणी. साखर तेवढी होती."

एवेलिओ खुर्चीत बसला. त्याला इतकी लाज वाटली की तिच्याकडे बघवेना. त्यानं तुकडा कापला आणि मोठा भाग तिच्यापुढे सरकवला. तिनं तो आयुष्यात कधी चाखलाच नव्हता. बराच वेळ चावत राहिली.

"शी, कडू लागतोय रे."

"तेव्हाही लागायचा," तो म्हणाला. "मला वाटायचं, क्लोदोमिरोमुळे."