तिळाचे डोळे

पेणच्या रामवाडीत शांतीने गणपतीच्या सणाला घरीच साखरेची बिस्किटं केली. कुकरच्या तळाशी मीठ पसरून, शिट्टी काढून, खेपेखेपेने भाजताना तिची कंबर मोडली. पण साचा पाहाल तर झोकदार! पत्र्याची पट्टी वाकवून केलेला, सोंड आणि सुपासारखे कान असलेला गणपती. डोळ्यांच्या जागी तीळ.

ताट पुढे आलं आणि पोरांनी हात जोडले. बिस्किट मात्र कुणी उचलेना.

"देवाला चावायचं कसं गो?" शेजारची बायजा म्हणाली.

शांतीचं तोंड उतरलं. पेणमध्ये राहून एवढंही सुचू नये? मोदकाचा आकार काय वाईट होता!

सासरे दिनानाथ जन्मभर गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखत आलेले. सुनेच्या कुठल्याही कामाला त्यांनी कधी बरं म्हटलं नव्हतं. त्यांनी एक बिस्किट उचलून नीट न्याहाळलं, कपाळाला लावलं आणि चहाच्या कपात अलगद सोडलं.

"मोरया!" पोरं ओरडली आणि ताटावर तुटून पडली.

दिनानाथांनी कप तळापर्यंत रिकामा केला.

"डोळे तिरळे झालेत गो," ते सुनेला म्हणाले. "पुढच्या वर्षी मी लावीन."