हरवलेले दहा व्होल्ट

मित्रांनो, माझ्या काचेला एका कोपऱ्यात तडा आहे आणि तिच्याखाली केसाएवढा बारीक काटा आहे. मी एक जुना मल्टिमीटर, म्हणजे विजेचा दाब, प्रवाह आणि रोध मोजणारे यंत्र आहे. काट्यामागे आरशाची अरुंद पट्टी बसवलेली आहे. काटा आपल्या प्रतिबिंबाला पूर्ण झाकतो, तेव्हा पाहणारा सरळ पाहत असतो. आकडा तेव्हाच वाचावा. तिरके पाहणाऱ्याला मी चुकीचा वाटतो. त्यात माझा दोष नसतो.

माझी पहिली अकरा वर्षे विष्णुपुरीजवळच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेली. विद्यार्थी माझे बटण रोधाच्या खुणेवर ठेवून मला थेट विजेला जोडत. फ्यूज उडे आणि वहीत नोंद होई, ‘मीटर खराब.’ पुढे चौकटीत आकडे दाखवणारे मीटर आले आणि मी मोडीत निघालो. भंगाराच्या ढिगातून मला धम्मानंदाने उचलले. तो तेव्हा आयटीआयमध्ये शिकत होता. त्याने फ्यूज बदलला, माझ्यासाठी सागवानी पेटी केली आणि निलंग्याला बसस्थानकामागे गाड्यांच्या वायरिंगचे दुकान काढले. उसाचे ट्रॅक्टर, जीपगाड्या, एकदा तर लग्नाच्या वरातीचा बँड वाहणारी गाडी, सर्वांची नाडी मी पाहिली.

मग दुकानात स्कॅनर आला आणि मी खणात गेलो. मी तक्रार करत नाही. स्कॅनर हुशार आहे. मात्र गाडीच्या संगणकाने कबूल केलेलेच दोष त्याला दिसतात. 

चार वर्षांनी, गेल्या दिवाळीनंतर, सकाळी अकराच्या सुमारास ट्रॅक्टरला दोर बांधून एक छोटी पांढरी गाडी दुकानासमोर आली. स्टिअरिंगवर शिवम्मा काकू होत्या. वयाच्या बावन्नाव्या वर्षी त्या याच गाडीवर चालवायला शिकल्या होत्या.

“धम्मानंदा, एक वाजता लातूरहून गिऱ्हाईक यायलंय. अप्पा गाडी इकायलेत.”

“का वो काकू?”

“म्हणतेत, गाडी लाभत न्हाई. दसऱ्यापासून तीनदा बंद पडली. एकानं बॅटरी चार्ज केली, एकानं स्टार्टर बदलला. दोन दिस चालते, पुन्हा टक् करून बसते. ही गेली तर मला दुसरी कोण घिऊन देतंय?”

मागून स्कूटरवर त्यांचे पती संगप्पा, म्हणजेच अप्पा, आले. निलंग्यात त्यांचे कापडाचे दुकान आहे. कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे होते.

“हिनं गाडी शिकल्यापासून घरातला सैपाक फिरतीवर हाय,” ते म्हणाले. “जाऊ द्या ती गाडी.”

“आन् तुमाला उदगीरला सासुरवाडीला कोण नेतं? बसमधी तर कंबर धरते तुमची!”

धम्मानंदाने स्कॅनर लावला. दोष एकही नाही. आकड्यांचा मीटर काढला, तर त्याचा सेल संपलेला. तेव्हा त्याने खण उघडला. दाब मोजायला मला स्वतःचा सेल लागत नाही.

बॅटरीच्या दोन खुंट्यांवर माझ्या वायरींची टोके टेकली. बारा पूर्णांक सहा व्होल्ट, उत्तम. काकूंनी चावी फिरवली. टक्. दिवे विझल्यासारखे झाले, म्हणूनच सगळे बॅटरीला दोष देत आले होते. माझा काटा मात्र जेमतेम हलला. बॅटरी निर्दोष होती.

“मग व्होल्ट जातेत कुठं?” धम्मानंद स्वतःशीच म्हणाला. त्याने माझे एक टोक ऋण खुंटीवर ठेवले आणि दुसरे तिला कवटाळणाऱ्या पट्टीवर. एकमेकींना चिकटलेल्या दोन धातूंमध्ये काटा शून्याजवळच राहायला हवा. “काकू, फिरवा चावी.”

काटा दहावर गेला.

बोटाच्या पेराएवढ्या जागेत दहा व्होल्ट हरवले होते! चार वर्षांच्या अंधारानंतर इतके स्पष्ट उत्तर देताना मला काय वाटले असेल, याची कल्पना तुम्ही करू शकता.

धम्मानंदाने पट्टी सोडवली. आतून राखाडी, टणक थर होता. त्याने तो बोटावर घेतला, पाहिला आणि एकवार संगप्पांच्या कपाळाकडे पाहिले. आधी बोलल्या त्या काकू.

“अहो, ही तर इभूत हाय!”

“मग? खंडेनवमीची पूजा वरवर करायची का?” संगप्पा म्हणाले. “पट्टी खोलली, घासली, आतून लेप दिला. मशीनीचा जीव तितंच असतो की.”

“जीव बराबर हुडकलाव, अप्पा. पण राखंतून वीज जात न्हाई. पट्टी हलली की कुठंतरी धातू टेकतो, म्हणून दोन दिस चालते.”

संगप्पांचा चेहरा बदलला. “तुमचा इश्वास न्हाई म्हणून इभूतीला नाव ठिवता?”

“हितं साखर लावली असती तरी हेच झालं असतं. माझं ऐकू नका, तुमी सोता बघा.”

त्याने लेपासकट पट्टी परत बसवली. संगप्पा वाकले. “सरळ बघा, अप्पा. आरशातला काटा दिसू नये.” चावी फिरली, टक्, दहा. मग पट्टी आणि खुंटी पॉलिशपेपरने घासून घट्ट आवळली. चावी फिरली. माझा काटा जागचा फारसा हलला नाही आणि इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झाले.

संगप्पा अजून काट्यावर वाकून सरळच पाहत होते. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. गिऱ्हाईक निलंग्यात पोचले होते. काकूंनी गाडी गिअरमध्ये टाकली.

“कुठं निघालीस?”

“उदगीरला. गिऱ्हाईकाला काय सांगायचं ते तुमी सांगा.”

गाडी वळणाआड गेली. संगप्पांनी फोन पुन्हा कानाला लावला. “न्हाई वो, गाडी देता येत न्हाई. जिची हाय ती घिऊन गेली.”

मित्रांनो, आता मी खणात नसतो; दुकानाच्या फळीवर, स्कॅनरच्या शेजारी असतो. तुमच्या घरातही एखादे जुने, साधे यंत्र असेल. ते फेकण्यापूर्वी त्याला एक प्रश्न विचारून पाहा. आणि एखादी वस्तू अपशकुनी ठरवण्यापूर्वी मोजून घ्या. मोजताना मात्र सरळ पाहा.

यंदाच्या खंडेनवमीला संगप्पा दुकानात आले. गाडीच्या बॉनेटवर त्यांनी आधीच तीन पट्टे ओढले होते. उरलेली विभूती तीन बोटांवर घेऊन ते माझ्यापाशी थबकले.

“धम्मानंदा, हितं चालंल का?”

“पेटीवर चालंल, अप्पा. टोकाला नको.”

त्यांनी माझी टोके अलगद बाजूला ठेवली, झाकण लावले आणि त्यावर तीन बोटे सरळ ओढली.